चाळीतील जाळीचे कपाट



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी चाळींच्या इतिहासावर एखादा लेख असतोच. गणेशोत्सवावर झाला, भीमजयंतीवर झाला, जांबोरी मैदानावरील सभांवर झाला, गिरणी संपावर तर दोनदा झाला. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुढाऱ्यांचा इतिहास लिहिणे माझ्याच्याने व्हायचे नाही. तेव्हा ज्या वस्तूशी गेले पाच महिने मी झगडते आहे, तिचाच इतिहास लिहिते. ती वस्तू म्हणजे जाळीचे कपाट.

ज्या मुलींची लग्ने अलीकडे झाली त्यांनी हे कपाट पाहिलेही नसेल, म्हणून थोडे वर्णन करते. उंची साधारण छातीपर्यंत, रुंदी दोन-अडीच फूट, चार पाय, दोन दारे व आत तीन कप्पे. दारांना व बाजूंना फळी नसून बारीक तारेची जाळी. आत दूध, दही, उरलेले कालवण, भाकऱ्यांची टोपली ठेवायची. वारा खेळता राहिला म्हणजे अन्न लवकर आंबत नाही, आणि माशी व मांजर बाहेरच राहते. चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत, म्हणजे मुंग्यांना वर चढता येत नसे. त्या वाट्यांतले पाणी मात्र रोज बदलावे लागे, नाही तर डासांच्या अळ्या होत. साहेब लोकांच्या बंगल्यांत असेच कपाट मांस ठेवण्यासाठी असे व त्याला ते 'मीट सेफ' म्हणत. आपल्याकडे त्यात मांस ठेवण्याइतके उरत कधी होते! आपण त्यात दूध ठेवले.

आता हे कपाट माझ्याकडे कसे आले ते सांगते. आमच्या शेजारची चाळ रिकामी करण्याचे ठरले तेव्हा आठ-दहा दिवस नुसती धावपळ होती. आपल्या वरळीच्या १२१ चाळी पाडून तेथे उंच इमारती उभारण्याचे काम म्हाडाने घेतले आहे हे सर्वांना माहीत आहेच. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणींच्या डोळ्यांना पाणी आले. पण बाकीच्यांना आधी खोली सोडून दुसरीकडे राहावे लागते, आणि तेथे नेताना माणूस मनात हिशेब करतो, काय न्यायचे व काय टाकायचे. टाकलेल्या सामानाचा ढीग चाळीखाली कमरेइतका झाला होता. मोडके पाट, लाकडी पलंगाचे पाय, फुटके आरसे, देव्हारेसुद्धा. त्या ढिगात हे कपाट उलटे पडलेले होते. अंगावर हिरवा ऑइलपेंट, एका दाराची जाळी फाटलेली, मागचा एक पाय बाकीच्यांपेक्षा वेगळा. भंगारवाला जाळीचे व बिजागऱ्यांचे काय ते पैसे देणार होता. लाकूड त्याला नकोच होते. मी ते ओळखले. तिसऱ्या मजल्यावरच्या खाणावळवाल्या मावशींचे कपाट ते. मावशी जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या सूनबाई समोरच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, न्या हो खुशाल, आम्हांला ठेवायला जागा कुठे आहे?" त्यांना मी दोष देत नाही. जागा मलाही नव्हती.

माझ्या मुलीने विचारले, "आई, याचे करायचे काय?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधताना जे वाचले, ऐकले व हाताने खरवडून काढले, ते पुढे लिहिते. वाचनाचे श्रेय मुलीचे आहे. तिने पुस्तके आणून दिली, व अडले तेथे समजावून सांगितले.

आधी खोलीचा इतिहास सांगते, कारण खोलीवाचून कपाट समजत नाही. १९२० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते काढले. त्याची तीन इंग्रजी अक्षरे आजवर आपल्या पत्त्यात आहेत. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून त्यातून कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, म्हणजे सोळा हजारांवर खोल्या. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये बोळ, आणि खोली १६० चौरस फूट. सुरुवातीला येथे कामगार येईनात. भाडे परवडत नसे, गिरण्या लांब, आणि सोयी नाहीत, त्यामुळे वरळीच्या पुष्कळ खोल्या कित्येक वर्षे ओस होत्या. १९३० च्या कायदेभंगात तर सरकारने येथेच तात्पुरता तुरुंग केला व सत्याग्रही आणून कोंडले. म्हणून कोणी कोणी म्हणतात की चाळी तुरुंगासाठीच बांधल्या. ते खरे नाही. बांधल्या कामगारांसाठीच, पण कामगाराला काय लागते हे विचारून बांधल्या नाहीत.

खोलीत राहायला आलेल्या बाईने पहिल्यांदा काय पाहिले असेल? सिमेंट काँक्रिटच्या भिंती. ज्यांनी आपल्या भिंतीत खिळा ठोकला आहे त्यांना ठाऊक आहे की खिळा वाकतो, भिंतीला काही होत नाही. गावाकडे मातीच्या भिंतीत कोनाडा असतो, फडताळ असते, आढ्याला शिंके टांगता येते. येथे त्यातले काही नाही. तेव्हा सर्व काही पायांवर उभे राहणारे लागले. मांडणी, घडवंची, पेटी, आणि ज्याच्या घरी दुधाचे रतीब असे त्याच्याकडे जाळीचे कपाट. चाळीत लाकडी सामान हौसेखातर आले नाही, भिंतीने नाही म्हटले म्हणून आले, असे माझे मत आहे.

पण नवे कपाट घ्यायला पैसा कोणाजवळ होता? येथे या लेखाचा खरा मुद्दा येतो. आपल्या चाळींत नवे लाकडी सामान फार थोडे आले. जे आले ते बहुतेक दुसऱ्या कोणी टाकलेले वा विकलेले होते. फोर्टातली, मलबार हिलवरची, पारशी वाड्यांतली घरे मोडत, त्यांचे सामान लिलावात निघे, लिलावातून चोर बाजारात येई, आणि तेथून हातगाडीवर घालून लालबाग, परळ, वरळीला. दारूखान्यात जुनी जहाजे फोडत, तेथूनही दारे, फळ्या, टेबले मिळत. गिरणीत यंत्रांचे भाग लाकडी खोक्यांतून येत. त्या खोक्यांच्या फळ्या कामगार मागून आणत. मग चाळीतला कोणी सुतारकाम जाणणारा गडी रविवारी गॅलरीत बसून त्यातून काहीतरी उभे करी. हे मी नुसते ऐकीव लिहीत नाही. हिरवा रंग काढल्यावर मावशींच्या कपाटानेच ते दाखवले.

रंग काढायला मी स्वतःच सुरुवात केली व पहिल्याच दिवशी चूक केली. कोणी सांगितले की कॉस्टिक सोडा पाण्यात घालून लावा, रंग आपोआप सुटतो. रंग सुटला, पण माझ्या बोटांची कातडीही सोलली व लाकूड काळेठिक्कर पडले. शेवटी डिलाईल रोडला राहणारे एक सुतारमामा बोलावले. ते गिरणीच्या सुतारखात्यात तीस वर्षे होते. त्यांनी कपाट पाहिले, मला पाहिले, आणि म्हणाले, "बाई, हे सागवान आहे की पातेले घासताय?" सागवानात जे द्रव्य असते ते सोड्याने काळे पडते हे मला तेव्हा कळले. त्यांनी व्हिनेगर पाण्यात घालून लाकूड पुसून घेतले. काळेपणा पुष्कळ कमी झाला, तरी दोन डाग राहिले ते राहिलेच.

पुढे त्यांच्या देखरेखीखाली मी काचेच्या तुकड्याच्या धारेने रंग खरवडला. ही सुतारांची जुनी रीत आहे. लाकूड आधी ओले करायचे व मग खरवडायचे, कोरडे घासायचे नाही, कारण जुन्या ऑइलपेंटात शिसे असते आणि त्याची धूळ श्वासातून जाते, लहान मुलांना तर फारच वाईट. आपल्या सरकारने रंगातील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घातली, पण ती लागू झाली २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा रंग खरवडताना तोंडाला फडके बांधावे, आणि खरवडलेला चुरा झाडूने न उडवता ओल्या कागदात गुंडाळावा.

हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली गुलाबी, आणि गुलाबीखाली तांबूस, जुने लाखेचे पॉलिश. चौकट व तीन पाय सागवानाचे. मागची फळी देवदाराची, हलकी, गाठींची, आणि आतल्या बाजूला शाईचे छापील इंग्रजी अक्षर अर्धे कापलेले. म्हणजे ती खोक्याची. वेगळा दिसणारा पाय बाभळीचा असावा असे मामा म्हणाले. तो कोणीतरी हाताने छिलून लावलेला, वाकसाचे घाव अजून दिसतात. आणि दाराची मूठ म्हणजे चक्क गिरणीतला लाकडी बॉबिन, अर्धा कापून बसवलेला. मामांनी तो हातात घेऊन बराच वेळ फिरवला. बोलले काही नाहीत.

त्या सागवानाविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. सागवान तेलकट असते, त्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पाण्याने ते फार फुगत-आटत नाही. म्हणून मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानी जहाजे बांधली. १८१७ साली येथे बांधलेले 'ट्रिंकोमाली' नावाचे जहाज अजून इंग्लंडात पाण्यावर तरंगते आहे. त्या वेळचे सागवान मलबारातून येई. पुढे ब्रह्मदेशातून येऊ लागले. त्या व्यापारासाठी १८६३ साली मुंबईतच बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी निघाली. या कंपनीने ठरल्याहून जास्त ओंडके नेले असा आरोप ठेवून १८८५ साली ब्रह्मदेशाच्या राजाच्या दरबाराने तिला लाखो रुपयांचा दंड केला. इंग्रजांना तेवढेच निमित्त पुरले. त्यांनी लढाई केली, राज्य घेतले व थिबा राजाला कैद करून १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. आपल्यातल्या ज्या रत्नागिरीच्या आहेत त्यांनी थिबा राजवाडा पाहिलेला असेल. तो १९१० साली बांधून झाला, आणि १९१६ मध्ये राजा तेथेच वारला. लहानपणी सहलीत मीही तो पाहिला होता, परंतु हा राजा सागवानापायी आपल्या गावी आला हे कोणी सांगितले नव्हते. त्याच सुमारास रत्नागिरीची माणसे बोटीत बसून मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली होती, व ब्रह्मदेशचे ओंडके मुंबईच्या वखारींत उतरत होते.

१९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला तेव्हा तो माल बंद पडला. मग चांदा-बल्लारशाचे सागवान मुंबईत अधिक चालले, पण जुन्या बर्मा सागाची किंमत चढली ती चढलीच. एवढ्यासाठीच चोर बाजारातले व्यापारी मोडक्या खुर्चीचेही लाकूड नखाने खरवडून वास घेतात. कापलेल्या सागवानाला चामड्यासारखा तेलकट वास येतो. एकदा घेतला की विसरत नाही.

आता मावशींकडे येते. हे कपाट त्यांच्याकडे दुसऱ्या हाताने आले, एवढे माझ्या सासूबाईंना पक्के ठाऊक आहे. मावशींचे यजमान ते चोर बाजारातून हातगाडीवर घेऊन आले होते, आणि जिना चढवताना पाय मोडला तो तेव्हाच. मावशी त्यांच्या गावाकडच्या अकरा-बारा गड्यांना जेवायला घालीत. आपल्या चाळींत व एकूणच गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांच्या पोटाची सोय अशा बायकांनीच केली. एका खोलीत स्टोव्हवर दोन वेळचे रांधायचे, पाळीप्रमाणे जेवायला येणाऱ्यांना वाढायचे, व महिन्याच्या पगाराला पैसे घ्यायचे. तोवर वाणी उधारी देई ती जबर व्याजाची. अशा खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले व त्यांना बँकेची कर्जे मिळवून दिली, ही गोष्ट आपल्या मंडळात पुष्कळदा सांगितली गेली आहे. मावशी त्या मंडळात नव्हत्या. त्यांचे कपाट हीच त्यांची बँक, असे सासूबाई म्हणतात.

पुढचे सासूबाईंच्या तोंडचे आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. पहिले दोन महिने लोकांनी काढले. मग भांडी गेली, मग गळ्यातले गेले, पुष्कळ जण गावी गेले. आमच्या घरी तेव्हा दोन लहान मुले होती. मावशींच्या खाणावळीत बारांतले चारच गडी उरले, व तेही पैसे देऊ शकत नव्हते. पण संध्याकाळी सासूबाई पाणी भरायला निघाल्या की मावशी दारातून हाक मारीत व कपाट उघडून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या देत. "उरल्यात गं, खराब होतील," असे म्हणत. "कसल्या उरतायत," सासूबाई सांगतात, "कपाटात त्या भाकऱ्यांवाचून दुसरे काही नसायचे, जाळीतून दिसायचे ना!" हे सांगताना त्या अजूनही हसतात आणि मग गप्प होतात.

रंग निघाल्यावर उजव्या दाराच्या आतल्या चौकटीवर टोकदार वस्तूने ओढलेल्या उभ्या रेघा दिसू लागल्या. चार-चार, पाच-पाचांच्या जुड्या. मामांना वाटले पोरांनी ओरबाडले असेल, रंधा मारू म्हणजे साफ होईल. त्यांनी रंधा काढलाही. सासूबाई खुर्चीवरून उठून आल्या, डोळ्यांजवळ नेऊन पाहिले व म्हणाल्या, "खाडे आहेत ते." खाणावळीत कोणी जेवायला आला नाही तर त्याचा खाडा मांडून ठेवतात, महिनाअखेर तेवढे पैसे वजा करायला. मावशींना लिहिता येत नव्हते, त्या रेघा ओढीत. प्रत्येक कप्प्यासमोर एकेका गड्याचे.

त्यावरून मामांचा व माझा चांगलाच वाद झाला. मामांचे म्हणणे, काम करायचे तर नीट करावे. चौकट गुळगुळीत हवी, बाभळीचा पाय काढून सागवानाचा लावावा, बॉबिन काढून पितळी मूठ बसवावी, मग हेच कपाट कोणीही पंधरा-वीस हजारांना घेईल. त्यांचेही खरे होते. हल्ली जुन्या सामानाचे दुकानदार हेच करतात. जुने लाकूड घेऊन नव्यासारखे चकचकीत करतात व 'अँटिक' म्हणून विकतात. पण मला वाटले, मग राहिले काय? राणीच्या बागेजवळचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आपण सर्वांनी मुलांबरोबर पाहिले आहे. १८७२ साली ते लोकांना खुले झाले. पुढे त्याची फार पडझड झाली होती. २००३ पासून त्याचा जीर्णोद्धार केला, २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि २००८ च्या जानेवारीत ते पुन्हा उघडले. तेथे मोठ्या घरांचे नक्षीदार लाकूडकाम काचेपलीकडे जपले आहे. त्याला कोणी म्हणाले का, हा ओरखडा जुना आहे, रंधा मारा? श्रीमंताच्या खुर्चीवरचा ओरखडा इतिहास होतो, आणि मावशींच्या दारावरच्या रेघा मात्र पोरांचे ओरबाडणे! मी मामांना असे म्हणाले तेव्हा जरा आवाज चढला होता, त्याबद्दल नंतर चहा करून दिला. मामांनी रंधा पिशवीत ठेवला. रेघा, पाय व बॉबिन आहेत तसे राहिले. फाटलेली जाळी मात्र बदलली, कारण माशी आत जात असेल तर ते जाळीचे कपाट कसले?

सांधे खिळखिळे झाले होते, ते मामांनी उकलून पुन्हा बसवले. जुन्या सुतारांनी कुसू खाचेत बसवून सरस लावलेला असतो. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, गरम पाण्याचे फडके धरले की सुटतो. १९५९ साली निघालेल्या फेविकॉलने काम सोपे केले खरे, पण तो धरला की सहजी सोडत नाही, पुढच्या दुरुस्तीवाल्याला लाकूडच फोडावे लागते. म्हणून मामांनी सरसच वितळवला. वासाने आमचे हे दोन दिवस दारात बसून जेवले.

पॉलिशची कथा आपल्या बायकांना आवडेल. लाकडाला लावायचे पॉलिश म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली. आणि लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे स्वतःभोवती करतात ते कवच. त्याच लाखेच्या बांगड्या, त्याच लाखेच्या तांबड्या रंगाचा पूर्वी अळता, आणि पांडवांचे लाक्षागृहही तिचेच. जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा लाखेच्या असत. तिच्या अभ्यासासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे एक मोठी संस्था सुरू झाली. साहेबांनी तिला फ्रेंच पॉलिश म्हटले, पण माल आपल्याच जंगलांतला.

लावायची रीत अशी. आधी पॉलिशपेपरने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासायचे, आडवे कधीही नाही. मग चपडी लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत ठेवून गाळून घ्यायची. कापसाचा बोळा जुन्या सुती लुगड्याच्या मऊ तुकड्यात बांधायचा, पॉलिशमध्ये बुडवून पिळायचा व हलक्या हाताने फिरवायचा. एका जागी थांबला की डाग पडतो. पहिला हात वाळला की पुन्हा घासायचे, पुन्हा फिरवायचा. मामांनी सोळा हात दिले, शेवटचे चार माझ्याकडून करून घेतले. खोलीत त्या वेळी स्टोव्ह वा उदबत्ती पेटवायची नाही, स्पिरिटचा भडका होतो.

येथे माझी दुसरी चूक. मी घाईने जुलैत पॉलिश केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तो सगळ्या कपाटावर पांढरी साय आली होती. मी रडकुंडीला आले. पावसाळी हवेतला ओलावा लाखेत अडकला की असे होते. मामा म्हणाले, रडू नका, दिवाळीपर्यंत हात लावू नका. ऑक्टोबरच्या उन्हात नुसत्या स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला आणि साय नाहीशी झाली. आतल्या कप्प्यांना मात्र लाख लावलेली नाही. गरम पातेले ठेवले की ती मऊ होते व पाण्याचे गोल उठतात. आत नुसते जवसाचे तेल चोळून सुकवले आहे.

चाळीतली अशी कपाटे गेली कशी, हेही सांगायला हवे. गोदरेजने १९२३ पासून पोलादी कपाटे केली व १९५८ मध्ये फ्रिज काढला, पण आमच्या खोल्यांत फ्रिज यायला आणखी तीस-पस्तीस वर्षे लागली. तो आला तेव्हा जागा करायला पहिले बाहेर पडले ते जाळीचे कपाट. काहींनी त्यात चपला ठेवल्या, काहींनी पोरांची दप्तरे. मावशींचे गॅलरीत गेले व त्यावर उरलेसुरले रंग चढत गेले.

सध्या आम्ही संक्रमण गाळ्यात आहोत व कपाटही तेथेच, दाराआड उभे आहे. माझी मुलगी नव्या घराचा नकाशा घेऊन फूटपट्टीने जागा मोजत असते. स्वयंपाकघरात ते बसत नाही असे तिचे मत, बसते असे माझे. सूनबाईंना मी निरोप पाठवला होता की हवे असेल तर न्या. त्या येऊन पाहून गेल्या, रेघांवरून हात फिरवला, व "तुमच्याकडेच असू दे" म्हणाल्या. तेव्हा मंडळाच्या बैठकीत असे ठरले की आपल्या मंडळाला नव्या वसाहतीत खोली मिळेपर्यंत ते माझ्याकडे राहावे व मंडळाचे दप्तर त्यात ठेवावे. वरच्या कप्प्यात हजेरीच्या वह्या व भिशीची चोपडी आहे, मधल्यात हळदीकुंकवाचे सामान. खालचा रिकामा आहे. ज्यांच्याकडे चाळीतले जुने फोटो असतील त्यांनी आणून द्यावेत, तेथे ठेवता येतील. पायांखालच्या दगडी वाट्यांपैकी तीनच सापडल्या, चौथी स्टीलची ठेवली आहे. दार उघडताना जरा वर उचलून ओढावे, डावी बिजागरी अजून सैल आहे.